पान एका रीतीचं, खोड दुसऱ्या रीतीचं

मे महिन्यात सह्याद्रीच्या कड्यावर शिंदळ माकुडी ही वनस्पती दाखवली, तर पाहणाऱ्याचा विश्वास बसणार नाही. कातळाच्या फटीतून बोटभर जाडीच्या, राखाडी-हिरव्या कांड्या लोंबत असतात. पान नाही, फूल नाही. वाळून गेलेलं काहीतरी म्हणून नजर पुढे सरकते. पाऊस सुरू झाला की याच कांड्यांच्या टोकांना फिकट हिरवी, गुळगुळीत, लांबट पानं फुटतात. ऑगस्टनंतर गर्द तांबूस-जांभळी, पाच पाकळ्यांची चांदणीसारखी फुलं येतात. ओल संपत आली की पानं गळतात आणि पुन्हा त्या कांड्याच उरतात.

शास्त्रज्ञ तिला फ्रेरिया इंडिका म्हणतात. निकोल डॅल्झेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाला १८६०च्या दशकात जुन्नरच्या बाजूला ती सापडली आणि मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव तिला मिळालं. नाव परदेशी असलं तरी झाड पक्कं इथलं आहे. महाराष्ट्राबाहेर ते जगात कुठेही आपोआप उगवत नाही. शिवनेरी, पुरंदरशेजारचा वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर, रंधा धबधब्याचा परिसर अशा मोजक्या ठिकाणी, तेही माणसाचा किंवा गुराचा पाय सहज पोहोचणार नाही अशा कड्यांवर ते तग धरून आहे. शिवनेरीमुळे अलीकडे त्याला ‘शिवसुमन’ही म्हणू लागले आहेत.

दुर्मीळ झाडं सह्याद्रीत पुष्कळ आहेत. मग वनस्पतिशास्त्रज्ञांना या एकाच झाडाचं एवढं कौतुक का? त्याचं उत्तर त्याच्या पानांत आहे. खरं तर त्याला पानं आहेत, यातच आहे.

माकुडीची भावकी मोठी आहे. आफ्रिका, अरबस्तान आणि भारताच्या कोरड्या मुलखात पसरलेल्या या गटाला स्टॅपेलिड म्हणतात. हे सगळे मांसल खोडाचे. पाणी साठवायचं खोडात आणि अन्न तयार करायचं तेही खोडातच, असा त्यांचा खाक्या. पानाची गरजच उरली नसल्याने बहुतेकांत ते एखाद्या खवल्याएवढं किंवा टोकदार उंचवट्याएवढं उरलं आहे. या सगळ्या गटात भरपूर वाढलेली, खरीखुरी पानं मिरवणारी एकटी फ्रेरिया.

पण वाळवंटी घराण्यातल्या झाडाला पान परवडतं कसं? इथे थोडं मागे जावं लागेल, पार १८१५ सालापर्यंत. त्या वर्षी लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात बेंजामिन हाइन यांचं एक पत्र छापून आलं. हाइन भारतात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. पानफुटीचं पान त्यांनी दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चावून पाहिलं. सकाळी ते आंबट लागलं, दुपारपर्यंत बेचव झालं आणि संध्याकाळी किंचित कडवट. एवढंच निरीक्षण आणि तेही निव्वळ जिभेने केलेलं! त्या आंबटपणाचं पूर्ण स्पष्टीकरण मिळायला पुढे शंभराहून अधिक वर्षं लागली.

त्याचं असं आहे. पानावर किंवा हिरव्या खोडावर सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो, पण त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेरही जाते. बहुतेक झाडं दिवसा रंध्रं उघडतात, कारण सूर्यप्रकाश तेव्हाच असतो. या नेहमीच्या पद्धतीला सी-३ म्हणतात. गहू, भात, आंबा, वड ही सगळी सी-३. हा कारभार जलद चालतो, पण पाण्याच्या बाबतीत उधळा असतो. १ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला साधारण ४०० ते ५०० ग्रॅम पाणी उडून जातं.

पानफुटी, निवडुंग आणि माकुडीच्या भावकीतली मांसल झाडं वेळ बदलतात. हवा गार झाली की रात्री रंध्रं उघडायची, आलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींच्या रिक्तिकांमध्ये, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशव्यांमध्ये, भरून ठेवायचा आणि उन्हं वर आली की रंध्रं बंद करून, त्या आम्लातून वायू सोडवून घेत आतल्या आत अन्न तयार करायचं. रात्रभर साठलेलं आम्ल म्हणून सकाळी पान आंबट, आणि दुपारपर्यंत ते खर्ची पडतं म्हणून बेचव. ही झाली कॅम पद्धत. तिला तेवढ्याच कामाला ५० ते १०० ग्रॅम पाणी पुरतं.

एवढी बचत होते, तर सगळ्यांनीच कॅम का धरू नये? कारण रिक्तिकेत आम्ल मावायलाही मर्यादा आहे. रात्री जेवढं भरलं, तेवढ्यावरच दुसरा दिवस काढायचा. शिवाय वायू एकदा आम्लात बांधायचा आणि पुन्हा सोडवायचा यात ऊर्जाही जादा लागते. म्हणून कॅम झाडं चिवट असतात, पण वाढतात रेंगाळत.

आता सह्याद्रीचं हवामान पाहा. चार महिने आभाळ फाटल्यासारखा पाऊस, मग सातआठ महिने जवळजवळ थेंब नाही, आणि फेब्रुवारीपासून काळा कातळ तापायला लागतो. याला ना धड वाळवंट म्हणता येत, ना धड जंगल. निव्वळ कॅमवर राहिलं तर पावसाळ्याची सुबत्ता वाया जाते. निव्वळ सी-३ वर राहिलं तर एप्रिल निघणं कठीण.

फ्रेरियाने दोन्ही ठेवल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ ओटो लांगे आणि त्यांच्या सहकारी झुबर यांनी १९७७ साली ‘ओकोलोगिया’ या शोधपत्रिकेत हे दाखवून दिलं. त्यांनी पानांची आणि खोडाची वायूची देवाणघेवाण वेगवेगळी तपासली. पानं शुद्ध सी-३ निघाली आणि खोड कॅम. एकाच झाडाच्या एकमेकांना चिकटलेल्या दोन अवयवांचं घड्याळ उलटसुलट चालत होतं. पान दिवसा श्वास घेणारं, तर खोड रात्री.

पानं म्हणजे हंगामापुरते लावलेले मजूर. पाण्याची ददात नसते तेव्हा ती ढगाळ उजेडातही झपाट्याने काम उरकतात आणि त्या कमाईवर नवीन फांद्या वाढतात, फुलं येतात. पाणी आटलं की झाड त्यांना निरोप देतं आणि कारभार पुन्हा खोडाच्या हाती येतो. पातळ पान तयार करायला फारसा खर्च नसतो, त्यामुळे दर वर्षी ते टाकून देणंही परवडतं. खोड मात्र जपायचं असतं, कारण पाण्याचा सगळा साठा तिथेच आहे. काही वनस्पती परिस्थितीप्रमाणे एकाच पानात सी-३ कडून कॅमकडे वळतात. फ्रेरियाने अवयवच वाटून दिले आहेत, आणि मला तरी हा मार्ग जास्त देखणा वाटतो.

यातून आणखी एक प्रश्न निघतो. सगळे भाऊबंद बिनपानांचे आणि एकटीला पानं, तर ती या घराण्यातली सर्वांत जुनी शाखा असणार, पानं गमावण्याआधीची, असं वाटणं साहजिक आहे. पण डीएनएच्या अभ्यासाने ती घराण्याच्या मुळाशी नव्हे, तर भारतातल्या बिनपानांच्या नातलगांच्या मधोमध बसली. म्हणूनच आता अनेक अभ्यासक तिला बौसेरोसिया या प्रजातीत घालून बौसेरोसिया फ्रेराय म्हणतात. तेव्हा पूर्वजांनी आवरतं घेतलेलं पान तिने पुन्हा वाढवलं असावं, हेच अधिक संभवतं. ऐकायला अचाट वाटतं, पण तितकं ते अवघड नसावं. या गटात पान नाहीसं कधी झालंच नव्हतं, खवल्याएवढं होऊन बसलं होतं. पान घडवण्याची जनुकं शाबूत असली की त्याला पुन्हा मोठं व्हायला नव्याने काही शोधावं लागत नाही.

फुलांकडे वळू. पाकळ्यांवर पिवळसर नक्षी, कडांना बारीक केसांची झालर. पण खरी गंमत परागकणांची. रुई ही माकुडीची लांबची नातलग, आणि दोघींचीही तऱ्हा सारखीच. परागकण सुटे भुकटीसारखे नसतात, मेणचट पिंडात बांधलेले असतात, आणि अशा दोन पिंडांना जोडणारा एक इवलासा चिमटा असतो. फुलावर उतरलेल्या कीटकाचा पाय किंवा सोंड नेमकी फटीत अडकली पाहिजे, ओढून काढताना चिमटा तिला चिकटला पाहिजे आणि पुढच्या फुलावर तो पिंड बरोबर फटीत बसला पाहिजे. जमलं तर एका झटक्यात पुष्कळ बिया धरतात, नाही जमलं तर एकही नाही. शेंगा जोडीने येतात. तडकल्या की रुईच्या म्हातारीसारखे रेशमी झुबके घेऊन बिया वाऱ्यावर निघतात. उभ्या कड्यावरून निघालेलं बी दुसऱ्या कड्याच्या ओंजळभर माती धरलेल्या फटीतच पडलं पाहिजे. बहुतेक बिया पडतात त्या दरीत किंवा गवतात.

झाडाच्या दुर्मीळपणाचं मूळ मला इथे दिसतं, नाजूकपणात नव्हे. भारतीय वनस्पतींच्या रेड डेटा बुकात त्याची संकटग्रस्त म्हणून नोंद आहे. वणवे, दरडी, चराई आणि हौशी संग्राहकांचे हात ही संकटं आहेतच. पण कुंडीत ते अगदी सहज वाढतं! फांदीचा तुकडा घ्यायचा, कापलेलं तोंड काही दिवस सावलीत सुकू द्यायचं आणि पाण्याचा चटकन निचरा होणाऱ्या मातीत खोचायचा, की मुळं फुटतात. पाणी साचू दिलं तर मात्र खोड कुजतं. परदेशातल्या सक्युलंटप्रेमींच्या काचघरांत ते अनेक वर्षांपासून आहे. ऊतिसंवर्धनानेही (टिश्यू कल्चर) त्याची रोपं करता आली आहेत.

अडचण अशी, की फांदीपासून किंवा ऊतीपासून केलेलं प्रत्येक रोप मूळ झाडाची हुबेहूब प्रत असतं. एकाच झाडाची शंभर रोपं कड्यावर नेऊन लावली, तरी जनुकांच्या हिशेबात ते एकच झाड. एखाद्या रोगापुढे किंवा लागोपाठच्या कोरड्या वर्षांपुढे सगळी एकदम हार मानतील. म्हणून कड्यांवर पुन्हा लागवड करायची तर वेगवेगळ्या ठिकाणच्या झाडांचं बी जमवणं आणि कोणतं रोप कोणत्या कड्यावरून आलं याची नोंद ठेवणं, हे फांद्या लावण्यापेक्षा किचकट काम आधी करावं लागतं.