१०० किलोवॅटच्या ग्राहकासाठी हरित ओपन ॲक्सेस: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज करण्याआधीचा हिशेब

तारा वितरण कंपनीच्या असल्या, तरी वीज कोणाकडून घ्यायची हे ठरवण्याची मुभा, म्हणजेच ‘ओपन ॲक्सेस’, पूर्वी १ मेगावॅट किंवा त्याहून मोठ्या ग्राहकालाच होती. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ६ जून २०२२ रोजी हरित ऊर्जा ओपन ॲक्सेसचे नियम काढले आणि ही मर्यादा १०० किलोवॅटवर आणली. त्यामुळे मध्यम आकाराचे रुग्णालय, शीतगृह, प्लास्टिक मोल्डिंगचा कारखाना यांनाही दूरच्या सौर किंवा पवन प्रकल्पाची वीज थेट विकत घेता येऊ लागली. साठवणुकीतली वीजही यात येते, फक्त ती साठवण नवीकरणीय विजेवर भरलेली हवी.

पात्रता बिलावरच तपासता येते. ‘मंजूर भार’ आणि ‘कॉन्ट्रॅक्ट डिमांड’ (वितरण कंपनीशी करारात ठरलेली कमाल मागणी) हे दोन रकाने बघा. डिमांड बहुधा केव्हीएमध्ये छापलेली असते आणि नियमातली मर्यादा किलोवॅटमध्ये आहे, तेव्हा १०० च्या आसपास असाल तर केव्हीएला बिलावरच्या पॉवर फॅक्टरने गुणून आकडा काढा. एका जोडणीवर १०० भरत नसतील तरी दार बंद होत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनुसार वितरण कंपनीच्या एकाच विभागातल्या तुमच्या अनेक जोडण्यांचा भार एकत्र धरता येतो. स्वतःच्या वापरासाठी वीज निर्माण करणाऱ्या कॅप्टिव्ह ग्राहकाला तर किमान भाराची अटच नाही.

कॅप्टिव्हची वाट मात्र नीट समजून घ्या, कारण बचतीचा मोठा भाग तिथेच आहे. वापरकर्त्यांकडे प्रकल्पाची किमान २६ टक्के मालकी हवी आणि वर्षभरातल्या निर्मितीपैकी किमान ५१ टक्के वीज त्यांनी वापरायला हवी. अनेक जण मिळून गट करत असतील, तर प्रत्येकाचा वापर त्याच्या हिश्शाच्या प्रमाणात, १० टक्के कमी-जास्त इतपतच चालतो. ही कसोटी वर्षअखेरीस लागते. त्यात नापास झालात तर त्या संपूर्ण वर्षाच्या विजेवर क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांना स्वस्त वीज देण्याचा भार भरून काढण्यासाठी घेतला जाणारा आकार) बसतो. तेव्हा भागभांडवलाचा करार करताना सीएला सुरुवातीपासून सोबत घ्या.

अर्ज देशाचे वीजजाळे सांभाळणाऱ्या ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडिया या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर ऑनलाइन करायचा. तिथून तो संबंधित यंत्रणेकडे जातो: राज्यांतर्गत अल्प मुदतीसाठी राज्य भार प्रेषण केंद्र, मध्यम व दीर्घ मुदतीसाठी राज्य पारेषण यंत्रणा. सोबत ताजे वीज बिल, पॅन, अर्जावर सही करणाऱ्याचे अधिकारपत्र किंवा संचालक मंडळाचा ठराव, वीज विक्रेत्याशी झालेला करार किंवा त्याचे संमतीपत्र, मीटरचा तपशील आणि थकबाकी नसल्याचा पुरावा तयार ठेवा. कॅप्टिव्ह असेल तर भागधारणेचे प्रमाणपत्रही. बिलावरचे नाव आणि करारातले नाव अक्षरशः एकच हवे. कंपनीचे नाव बदलले पण जोडणी जुन्याच नावावर राहिली, असे फार ठिकाणी असते. ते आधी दुरुस्त करून घ्या. मीटरही दर १५ मिनिटांची नोंद ठेवणारा लागतो. तो बसवून तपासून घ्यायला वेळ लागतो, म्हणून ते काम अर्जाच्या आधीच सुरू करा.

परवानगी १५ दिवसांत द्यायची असते. तांत्रिक अटी पूर्ण असूनही उत्तर आले नाही, तर ती दिली असे मानले जाते. तुमचे म्हणणे ऐकल्याशिवाय अर्ज नाकारता येत नाही, आणि नाकारलाच तर ३० दिवसांत वीज नियामक आयोगाकडे दाद मागता येते.

आता पैशांचे. प्रकल्पवाला सांगतो तो दर त्याच्या दारातला असतो. त्यावर पारेषण आकार (उच्चदाब वाहिन्यांचे भाडे), वहन आकार (वितरण कंपनीच्या तारांचे भाडे), वाटेतली गळती आणि क्रॉस सबसिडी अधिभार चढतो. हा अधिभार प्रकल्प सुरू झाल्यापासून १२ वर्षांत, परवानगीच्या वर्षीच्या दराच्या ५० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. स्थिर आकार भरत असाल तर अतिरिक्त अधिभार (वितरण कंपनीने आधीच केलेल्या वीजखरेदी करारांच्या खर्चाची भरपाई) लागत नाही. कॅप्टिव्ह ग्राहकाला दोन्ही नाहीत. अतिरिक्त अधिभाराबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये तसे स्पष्ट केले आहे. परराज्यातली वीज घेणार असाल, तर प्रकल्प कधी सुरू झाला ते विचारा. आंतरराज्य पारेषण आकाराची पूर्ण माफी ३० जून २०२५ पर्यंत सुरू झालेल्या सौर-पवन प्रकल्पांना होती, त्यानंतर ती दरवर्षी २५ टक्क्यांनी घटते. प्रकल्पालगतच्या बॅटरी साठवणुकीसाठी मात्र जून २०२८ पर्यंत मुदत आहे.

माझ्या मते खरा निर्णय इथे आहे: तुमची वीज कोणत्या तासांना जळते? सौर वीज दुपारी येते. तुमची पाळी रात्रीची असेल, तर दुपारची वीज ‘बँकिंग’मध्ये, म्हणजे नंतर उचलण्यासाठी वितरण कंपनीच्या खात्यावर, जमा होते. केंद्राच्या नियमात त्याची किमान सोय वितरण कंपनीकडून घेतलेल्या महिन्याच्या एकूण विजेच्या ३० टक्के आहे, पण ती परत कोणत्या वेळी उचलायची हे राज्य आयोग ठरवतो आणि महिनाअखेर उरलेली वीज बुडते. म्हणून करार करण्याआधी वितरण कंपनीकडून किमान वर्षभराची १५ मिनिटांची वापरनोंद मागवा आणि प्रकल्पाच्या तासवार निर्मितीशी ताडून पाहा. रात्रीचा वापर मोठा असेल, तर पवन-सौर संकर किंवा बॅटरीसह प्रकल्पाचा दर जास्त दिसला तरी हिशेबात स्वस्त पडू शकतो.

एक कायदेशीर बाब. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राचे हे नियम अधिकाराबाहेरचे ठरवले. हा विषय राज्य आयोगांचा, असा त्यामागचा मुद्दा. त्यामुळे अर्जात आणि करारात आपल्या राज्य आयोगाच्या विनियमांचाच आधार घ्या. महाराष्ट्रात ते २०१६ चे वितरण ओपन ॲक्सेस विनियम आणि त्यांतल्या दुरुस्त्या आहेत. अधिभार आणि बँकिंगचे चालू दर आयोगाच्या ताज्या दर आदेशातूनच घ्यावेत, विक्रेत्याच्या सादरीकरणातून नव्हे.