तीन काडतुसे की तीस? रानडुकराच्या शिकारीतला खरा हिशेब

जर्मनीत रानडुकरावर अर्धस्वयंचलित रायफल (एक गोळी सुटली की पुढचे काडतूस आपोआप भरणारी) वापरायची, तर चेंबरमधले, म्हणजे डागायला नळीत तयार असलेले, धरून तिच्यात एकूण तीनच काडतुसे भरता येतात. टेक्सासमध्ये असे बंधन नाही. तीस काडतुसांचे मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा डबा, लावलेली एआर-१५ ही अर्धस्वयंचलित रायफल तिथे सर्रास दिसते. प्राणी दोन्हीकडे एकच, सुस स्क्रोफा. महाराष्ट्रात मका आणि भुईमूग उद्ध्वस्त करणारे रानडुक्करही त्याच जातीचे.

फरक आहे तो प्राण्याच्या तिथल्या स्थानात. जर्मनीत तो मूळचा वन्यजीव, अमेरिकेत उपरा. १५३९ मध्ये स्पॅनिश सरदार एर्नान्दो द सोतोच्या मोहिमेबरोबर फ्लोरिडात उतरलेली डुकरे, पुढे शेतावरून सुटलेली पाळीव डुकरे आणि विसाव्या शतकात शिकारीच्या हौसेसाठी आणून सोडलेली युरोपीय रानडुकरे, या सगळ्यांची मिश्र प्रजा आज साठ लाखांच्या घरात आहे. शेतात कळपच्या कळप उतरतो, म्हणून बोलणे लगेच मॅगझिनवर जाते. आमच्या मते हा प्रश्न शेवटी यायला हवा. गोळी कुठे लागते आणि लागल्यावर तिचे काय होते, हे आधी पाहावे.

डुकराचे हृदय आणि फुप्फुसे हरणाच्या मानाने बरीच पुढे आणि खाली, पुढच्या दोन पायांच्या मधोमध असतात. हरणावर नेम धरायची सवय असलेला माणूस खांद्याच्या थोडे मागे रोखतो. डुकरावर तीच गोळी यकृतात किंवा पोटात जाते आणि जखमी जनावर झुडपात नाहीसे होते. दुसरी चूक उंचीची. पाठीवरचे राठ केस आणि वर आलेला खांदा यांमुळे शरीर आहे त्याहून उंच भासते आणि गोळी कण्याच्या वरच्या मांसातून निघून जाते. जनावर कोसळते, काही क्षणांत उठते आणि पळते. जनावर आडवे उभे असताना पुढच्या पायाच्या रेषेत वर यावे आणि शरीराच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात थांबावे, हे बरोबर.

मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट, जाड थर असतो. त्याला ढालच म्हणतात. माद्यांसाठी नर आपसात झुंजतात तेव्हा सुळ्यांचे वार हा थर झेलतो. चांगली गोळी त्याने अडत नाही, पण लवकर फुटणारी हलकी गोळी तिथेच विखुरते आणि आत जाण्याचा जोर गमावते. शिवाय चरबी जखमेचे तोंड बुजवते, त्यामुळे रक्ताचा माग फारसा मिळत नाही. आरपार जाऊन पलीकडे दुसरे भोक पाडणारी गोळी म्हणूनच बरी. मात्र त्या रेषेत मागे दुसरे डुक्कर उभे नाही ना, हे आधी पाहायला हवे.

आता काडतूस. जर्मन कायदा रानडुकरासाठी किमान ६.५ मिलिमीटर व्यासाची गोळी आणि १०० मीटरवर किमान २००० जूल ऊर्जा मागतो. .२२३ रेमिंग्टन या हलक्या काडतुसाची ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमची, गोळी सेकंदाला सुमारे ९९० मीटर वेगाने सुटते आणि नळीच्या तोंडाशीच तिची ऊर्जा १७४० जूल भरते. जर्मनीत ती बाद. .३०८ विंचेस्टर या जड काडतुसाची १५० ग्रेनची गोळी ३६०० जूलच्या आसपास सुरू होते आणि १०० मीटरवर २९०० राखते. टेक्सासमध्ये .२२३ चालते, आणि तांब्याची अखंड किंवा शिसे आवरणाला घट्ट जोडलेली गोळी घेतली तर मध्यम डुकरावर ती कामही करते. कोल्ह्यासारख्या लहान प्राण्यांसाठी बनवलेली, लागताच फुटणारी गोळी मात्र इथे निव्वळ चूक.

हलक्या काडतुसाची बाजू धक्क्यात आहे. साडेतीन किलोच्या रायफलीत .२२३ चा मागचा धक्का साधारण ५ जूल, तर .३०८ चा २० जूलच्या पुढेमागे. धक्का कमी म्हणजे दुर्बिणीतून लक्ष्य सुटत नाही आणि दुसरा नेम लवकर बसतो.

पण दुसऱ्या नेमाला वेळ किती मिळतो? पहिल्या आवाजाला कळप उधळतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने पळणारे डुक्कर सेकंदाला ८ मीटरहून जास्त अंतर कापते. झाडी ४० मीटरवर असेल तर पाच सेकंदांत सारे संपते. तेवढ्यात बोल्ट रायफलीतून (दर गोळीनंतर हाताने दांडा ओढून भरायची) नेमाच्या दोन गोळ्या होतात, अर्धस्वयंचलित रायफलीतून सरावलेल्या हाताच्या चार-पाच. त्याही पळत्या जनावरावर. ६० मीटरवर पोहोचायला .३०८ च्या गोळीला ०.०७ सेकंद लागतात. एवढ्यात आडवे धावणारे डुक्कर अर्ध्या मीटरहून जास्त पुढे सरकते, आणि मर्मस्थान असते वीतभर. धडावर रोखून चाप ओढला की गोळी पोटात किंवा मागच्या मांडीत. मॅगझिनमधली उरलेली पंचवीस काडतुसे बहुतेक वेळा तशीच घरी येतात, नाहीतर जखमी जनावरांची संख्या वाढवतात. जमिनीवरून, पायी शिकारीत दहाचे मॅगझिन पुरते. तीसचे लांब मॅगझिन पोटावर झोपून नेम धरताना जमिनीला अडते.

जास्त काडतुसांचा खरा उपयोग हेलिकॉप्टरमध्ये. २०११ च्या कायद्याने टेक्सासमध्ये पैसे घेऊन अशी शिकार करवायला मुभा मिळाली. मोकळ्या माळावर कळपाला आडोसा नसतो, यंत्र त्याच्या मागोमाग जाते आणि हवेत हलताना पुन्हा भरणे अवघड. तिथे रायफलीला पिशवी लावतात, कारण उडालेली काडतुसाची रिकामी पुंगळी हेलिकॉप्टरच्या शेपटीच्या पंख्यात जाऊ शकते.

एक धोका ठळकपणे सांगायला हवा. .३०० ब्लॅकआउट हे काडतूस .२२३ च्याच मॅगझिनमध्ये बसते आणि बऱ्याचदा .२२३ च्या चेंबरमध्येही शिरते. ७.८ मिलिमीटरची गोळी ५.७ मिलिमीटरच्या नळीत अडकते आणि रायफल हातातच फुटते. दोन्ही रायफली असतील तर मॅगझिनवर रंगीत पट्ट्या हव्यात आणि काडतुसे वेगळ्या पेट्यांत. चापाभोवतीची दांडी हाताने ओढून भरायच्या लिव्हर रायफलीच्या नळकांडी मॅगझिनमध्ये प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकते, आणि टोपीवर आघात झाला की काडतूस उडते, म्हणून तिथे टोकदार गोळी घालायची नाही. चपट्या टोकाची किंवा खास मऊ टोकाचीच.

आपल्याकडे शेतकऱ्याच्या हाती बहुधा दुनळी बाराबोर असते, म्हणजे दोनच काडतुसे. आणि पीक राखायला बंदुकीचा परवाना असला तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुक्कर मारणे गुन्हाच आहे.

अमेरिकेत बंदुकीचा एकूण परिणाम काय झाला, तेही पाहू. टेनेसीने १९९९ मध्ये राज्यभर वर्षभराची शिकार खुली केली, आणि २०११ पर्यंत डुकरे पंधराएक जिल्ह्यांतून ऐंशीच्या आसपास जिल्ह्यांत पोहोचली. शिकार मिळावी म्हणून लोकच ती नेऊन सोडत होते. मिसुरीने २०१६ मध्ये आपल्या संरक्षित जमिनींवर रानडुकरांची शिकार बंद केली, कारण दोन-तीन डुकरे मारली की उरलेला कळप पांगून सापळ्यांपासून सावध होतो. संख्या नुसती स्थिर ठेवायलाच दरवर्षी दोन तृतीयांश डुकरे काढावी लागतात, असा टेक्सासमधला अंदाज आहे. म्हणून आता भर मोठ्या गोल कुंपणी सापळ्यावर आहे. आठवडाभर किंवा जास्त मका टाकून सगळा कळप आत येण्याची सवय लावायची, कॅमेऱ्यावर पिल्लांसकट मोजणी करायची, सगळी आत असतील तेव्हाच दूरनियंत्रकाने दार पाडायचे. एक मादी बाहेर राहिली तरी ती पुन्हा सापळ्याजवळ फिरकत नाही आणि वर्षभरात नवी पिल्ले घालते. आत अडकलेल्या डुकरांसाठी मग जवळून, डोक्यात, २०० जूलहून कमी ऊर्जेची साधी .२२ ची गोळी पुरते.