पाल्माच्या रेगाटात उतरायचंय? आधी कागदांचं बघा

स्पेनच्या मायोर्का बेटावर, पाल्माच्या उपसागरात दरवर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास ‘प्रिन्सेसा सोफिया’ ट्रॉफीची रेगाटा, म्हणजे शिडाच्या नौकांच्या शर्यती, भरते. १९६८ साली सुरू झालेली ही स्पर्धा आता ऑलिम्पिक वर्गांची, म्हणजे ऑलिम्पिकमधल्या नौका आणि फळ्यांच्या ठरावीक प्रकारांची: आयएलसीए ६ आणि ७, मिश्र ४७०, फोर्टीनाइनर, एफएक्स, नाक्रा १७, आयक्यूफॉइल, फॉर्म्युला काइट. ऑनलाइन अर्ज दहा मिनिटांत भरून होतो. त्यामागच्या कागदांना मात्र दोन महिने धराच.

सुरुवात वर्ल्ड सेलिंग या खेळाच्या जागतिक संघटनेच्या ‘सेलर आयडी’पासून, म्हणजे खेळाडूच्या ओळख क्रमांकापासून. तो फुकट मिळतो. देशाचा कोड, नावाची आद्याक्षरं आणि आकडा, असं त्याचं रूप. इथे एक अस्सल मराठी घोळ होतो. पासपोर्टवर वडिलांचं नाव असतं, आयडीवर आपण ते गाळतो, विम्यावर तिसरंच काहीतरी. आमच्या मुलीच्या वेळी याच एका नावापायी नोंदणीच्या टेबलापाशी अर्धी सकाळ गेली. सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव टाका.

मग राष्ट्रीय संघटनेचं सदस्यत्व. आपल्याकडे ती याटिंग असोसिएशन ऑफ इंडिया. (वल्ह्यांच्या नौकानयनाची संघटना वेगळी, ‘नौकानयन’ या एका शब्दानं भलत्याच दारात गेलेले पालक मी पाहिलेत.) शिवाय आपल्या वर्गाच्या संघटनेचं चालू वर्षाचं सदस्यत्व हवं. खेळाडू अठराच्या आतला असेल तर पालकांची सहीही.

विमा दोन प्रकारचा. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. दुसऱ्याच्या नौकेला धडक बसली तर भरपाईसाठीचा विमा वेगळा. त्याची किमान रक्कम त्या वर्षीच्या ‘नोटीस ऑफ रेस’मध्ये, म्हणजे स्पर्धेच्या अधिकृत नियमपत्रकात, पाहा. प्रवास विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत स्पर्धात्मक खेळ वगळलेले असतात, तेव्हा बारीक अक्षरं वाचाच.

स्पेनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निघण्याच्या पंधरा दिवस आधीपर्यंत. शेवटच्या तारखेची वाट बघू नका. शुल्क ९० युरो. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान तीन महिने चालू हवा.

बोट भाड्यानं घेणार असाल तर तिचा नंबर अर्ज भरण्याआधीच मालकाकडून मागून घ्या. आयएलसीएमध्ये शिडावरचा नंबर साधारणपणे बोटीच्या नंबरावरून येतो, आणि तो नंबर व ‘आयएनडी’ ही भारताच्या कोडची अक्षरं शिडावर चिकटवायला सपाट जागा, कोरडं शीड आणि दुसरे दोन हात लागतात. वाऱ्यात हे जमत नाही. घरीच चिकटवून न्या.