भावी नगरसेवकांच्या आधी: पुण्यातल्या प्रसिद्धीची पार्श्वभूमी

महापालिकेने बेकायदा फ्लेक्स उतरवायची मोहीम काढली की पेठांतून एक ठरलेला सूर ऐकू येतो. पूर्वी माणसं आधी मोठी व्हायची आणि मग प्रसिद्ध. हल्ली आधी प्रसिद्ध होतात आणि मोठं व्हायचं राहूनच जातं. ऐकायला हे बरं वाटतं, पण इतिहास त्याला फारशी साथ देत नाही. या शहरात गेली दीडशे वर्षं प्रसिद्धी घडवावीच लागली आहे, कधी छापखान्यात, कधी नाटक कंपनीच्या बिऱ्हाडी, कधी स्टुडिओत. बदलत गेलं ते एवढंच, की तिच्या दाराशी कोण बसलं आहे.

पेशवाईत नाव व्हायचं ते दरबारातून. शास्त्र्यांना रमण्यात (पर्वतीजवळच्या पटांगणात) वाटली जाणारी दक्षिणा, शाहिरांना बिदागी. रामजोशी किंवा होनाजी यांची कीर्ती दूरवर गेली, पण प्रवास केला तो नावाने आणि लावणीने. माणूस कसा दिसतो हे समोर बसलेल्यांनाच माहीत. १८१८ मध्ये दरबार गेला आणि पुढच्या दोन पिढ्या मोठेपणाचा शिक्का नेमका कोणी मारायचा हेच ठरत नव्हतं.

मग पाच-सहा वर्षांत सगळं एकदम आलं. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा छापखाना निघाला. १८८० च्या ऑक्टोबरात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’. मुंबईची रेल्वे त्याआधीच घाट चढून आलेली होती. व्यासपीठ, चित्र, रंगमंच, वर्तमानपत्र आणि या सगळ्याची वाहतूक, असा प्रसिद्धीचा कारखानाच इथे उभा राहिला. त्यातल्या चित्रशाळेकडे आपण फार कमी लक्ष देतो. रामपंचायतनाची रंगीत चित्रं जिथे छापली जात, तिथेच नाना फडणवीसांचंही चित्र छापलं गेलं. घरातल्या एकाच भिंतीवर देव आणि माणूस शेजारी टांगले जाऊ लागले.

बदनामीचीही साधनं याच काळात तयार झाली. १८७५ मध्ये दयानंद सरस्वतींची पुण्यात मिरवणूक निघाली, तेव्हा विरोधकांनी ‘गर्दभानंदा’ची निराळी मिरवणूक काढली. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. ट्रोलिंग ही मोबाइलची देणगी आहे असं वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

या यंत्रणेतून घडलेला पहिला अखिल भारतीय चेहरा टिळकांचा. मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने करिष्म्याबद्दल एक गोष्ट नेमकी मांडली: तो टिकतो तो अनुयायांनी मानण्यावर, आणि नेत्याला तो पुन्हा पुन्हा सिद्ध करावा लागतो. १८९७ चा आणि १९०८ चा, असे राजद्रोहाचे दोन खटले या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. दुसऱ्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस. अग्रलेख वाचू न शकणाऱ्या माणसांनी ‘लोकमान्य’ ही पदवी अशी खरी केली. त्यांच्या निधनानंतर चारच वर्षांत, १९२४ साली, पुण्याच्या मंडईत पुतळा उभा राहिला. जागा बोलकी आहे: जिथे सगळ्या जातींची, सगळ्या पेठांची माणसं रोज भाजीला येतात ती.

पण आज ज्याला आपण ‘सेलिब्रिटी’ म्हणतो, त्याचा पहिला मराठी नमुना टिळक नाहीत. तो मान बालगंधर्वांचा. ‘बालगंधर्व’ ही पदवी टिळकांनीच दिली असं सांगतात. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले आणि १९१३ मध्ये त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. मधल्या काळातली एक गोष्ट दंतकथेसारखी सांगितली जाते, पण ती खरी आहे. १२ मार्च १९११ ला ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली आणि तरी ते रंगमंचावर उभे राहिले. प्रसिद्ध माणसाच्या खासगी दुःखावर प्रेक्षकांचा हक्क असतो, हा अलिखित करार तेव्हापासून आहे.

त्याहून महत्त्वाचं घडत होतं ते प्रेक्षागृहाबाहेर. बालगंधर्व रंगमंचावर साडी कशी नेसतात, गजरा कसा माळतात, हे पाहून मध्यमवर्गीय घरांतल्या स्त्रिया तसं करू लागल्या. एका पुरुषाने बायकांना नटायला शिकवलं यातली गंमत सोडा. एक नट लोकांच्या रोजच्या वागण्याचा नमुना झाला, ही गोष्ट नवी होती. लिओ लोवेन्थाल या अभ्यासकाने १९४४ मध्ये अमेरिकी मासिकांतले चरित्रलेख तपासून दाखवलं, की शतकाच्या आरंभी त्यांत उद्योजक, राजकारणी, संशोधक असत, पुढे नट आणि खेळाडू आले. आणि लेखांचा विषय त्यांच्या कामावरून ते काय खातात, काय घालतात, कशात रमतात याकडे सरकला. पुण्या-मुंबईच्या संगीत रंगभूमीने हे वळण त्या पाहणीच्या कितीतरी आधी घेतलं होतं.

या कीर्तीची किंमतही त्यांनी मोजली. उंची पैठण्या, अत्तरं, दिमाखदार पडदे यांवरच्या खर्चाने कंपनी कर्जात गेली. गायिका गोहर कर्नाटकी त्यांच्या आयुष्यात आल्यावर, ज्या समाजाने डोक्यावर घेतलं होतं त्यानेच नाकं मुरडली. १९३५ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात ते संत एकनाथ झाले, पण सत्तेचाळीस वर्षांच्या पुरुष वेशातल्या गंधर्वांना लोकांनी स्वीकारलं नाही. प्रेक्षकांना नट नको होता, आपल्या मनातली भामिनी, ‘मानापमान’ची नायिका, हवी होती. १९६८ मध्ये त्यांच्या नावाचं रंगमंदिर उभं राहिलं, ते जाऊन वर्ष होत आलं होतं तेव्हा.

इथे पठ्ठे बापूरावांची आठवण काढायलाच हवी. ते श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, ब्राह्मण घरातले आणि लावणीत शिरलेले. नर्तकी पवळाबरोबरचा त्यांचा तमाशाचा फड गाजला आणि त्यांच्या लावण्या गावोगाव पोचल्या. पवळा महार समाजातली, त्यामुळे दोघांच्या जोडीचा बोभाटाही तितकाच झाला. १९४५ मध्ये बापूराव पुण्यातच विपन्नावस्थेत वारले. संगीत नाटकाला जी प्रतिष्ठा मिळाली ती तमाशाला मिळाली नाही, आणि त्याचं कारण कलेत शोधून सापडणार नाही. प्रेक्षक होते, नाव होतं, पैसाही कधीकाळी होता; दाराशी बसलेल्यांनी आत घेतलं नाही इतकंच. ‘पूर्वी गुणांना मान होता’ असं म्हणताना हा फड आपण सोयीस्कर विसरतो.

प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून १९३३ मध्ये पुण्याला आली आणि प्रसिद्धीला चेहऱ्याचा क्लोजअप मिळाला. १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले. एकेकाळी नाटकांत स्त्री भूमिका करणाऱ्या या नटाला लोक खरोखर वाकून नमस्कार करू लागले. पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाचं एकतर्फी, तरी जिव्हाळ्याचं नातं जडतं, हे अमेरिकेत हॉर्टन आणि वोल यांनी १९५६ मध्ये सिद्धान्त म्हणून मांडलं. इथल्या थिएटरांत ते वीस वर्षं आधी दिसलं होतं, फक्त भक्तीच्या वेशात.

प्रभातमध्ये नटमंडळी पगारी नोकर असत आणि तुतारीचं बोधचिन्ह कोणाही नटापेक्षा मोठं मानलं जाई. शांता आपटे यांना हे जाचलं. १९३९ मध्ये त्यांनी स्टुडिओच्या दारात उपोषण केलं. देशभर चेहरा माहीत असलेली बाई फाटकाबाहेर उपाशी बसते आहे, हे पुण्याला पचणं अवघडच होतं. पण तारका ही आधी कामगार असते, हे त्यांनी इतकं उघड करून दाखवलं की त्या घटनेचं महत्त्व आजही कमी लेखलं जातं. पुढे युद्धकाळात ताऱ्यांचा भाव वाढला, कंपन्यांची पकड सुटली आणि प्रभातही मिटली. त्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

स्वातंत्र्यानंतरची तीन-चार दशकं पुण्यापुरती संथ म्हणावीत. १९५३ पासूनच्या सवाई गंधर्व महोत्सवाने गवयांना हजारोंचा श्रोता दिला. १९८९ मध्ये पुणे फेस्टिव्हल आला आणि गणेशोत्सवाच्या पाहुण्यांत हेमामालिनी दिसू लागल्या. गणपती आणि सिनेमा यांची सांगड तेव्हापासून घट्ट आहे.

खरा धक्का दिला तो छपाईच्या यंत्राने. पेंटरकडून बोर्ड रंगवून घ्यायला वेळ आणि पैसा लागे. डिजिटल छपाईने चौरस फुटाचा दर इतका उतरवला की कोणालाही स्वतःचा चेहरा चौकात लावता येऊ लागला. फ्लेक्सची मांडणी एकदा नीट पाहावी. वर पक्षाचे मोठे नेते, मध्ये वाढदिवसाचा मानकरी, खाली पासपोर्ट फोटोंची रांग आणि ‘समस्त मित्र परिवार’. हे उधारीचं नातं आहे: वरच्याची प्रसिद्धी मधला वापरतो, मधल्याची खालचे. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडला एका तरुणाने मैत्रिणीची माफी मागायला शेकडो फलक लावले, तेव्हा हे माध्यम राजकारणाच्याही हातातून निसटल्याचं दिसलं. त्याच वर्षी पुण्यात जुन्या बाजाराजवळ होर्डिंगचा सांगाडा कोसळून चार जण गेले. हौसेची ही दुसरी बाजू.

डॅनियल बूरस्टिन यांनी १९६१ मध्ये म्हटलं होतं, की काही माणसं केवळ प्रसिद्ध असण्यासाठी प्रसिद्ध असतात. भोसरीच्या दत्ता फुगे यांनी तीन किलोंहून जास्त सोन्याचा शर्ट शिवून घेतला आणि जगभरच्या वृत्तवाहिन्यांवर पोचले. २०१६ मध्ये त्यांचा खून झाला, त्या बातमीतही शर्टच पुढे होता. त्यांना हसणं सोपं आहे. पण ज्या घराण्यात व्यासपीठावर बसायची परंपरा नाही, त्याने आपण कोण आहोत हे सांगायला कोणतं दार उघडं होतं, हा प्रश्न हसणाऱ्यांना पडत नाही.

आता दार फोनमध्ये आहे आणि द्वारपाल पुण्यात राहत नाही. फर्ग्युसन रस्त्यावर रील करणाऱ्या मुलीला संपादकाची, कंपनीच्या मालकाची, मंडळाच्या अध्यक्षाची परवानगी लागत नाही. अल्गोरिदमची मर्जी लागते आणि ती का फिरली हे कोणी सांगत नाही. लाखभर फॉलोअर झाले की मात्र तिलाही मंडळाच्या आरतीला बोलावतात, शाल-श्रीफळ देतात. २०२३ च्या जानेवारीत केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने नियम केला, की पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर तसं स्पष्ट लिहायला हवं. मंडपातल्या प्रमुख पाहुण्यांना आणि वाढदिवसाच्या शुभेच्छुकांना तो अजून लागू झालेला नाही.