दुप्पट उंच कोंबड्याचं वजन किती?

मार्च 2017 मध्ये कोसोवोतल्या एका कोंबड्याचा व्हिडिओ जगभर फिरला होता. खुराड्याच्या लहानशा दारातून आधी डोकं बाहेर येतं, मग छाती, आणि ती काही संपायचं नाव घेत नाही. आत माणूस लपलाय, असं अनेकांनी छातीठोकपणे सांगितलं. कोंबडा खरा होता, ब्रह्मा जातीचा. तेव्हापासून अशा व्हिडिओंना तोटा नाही, आणि खाली पंधरा किलो, वीस किलो असे आकडे बिनदिक्कत लिहिलेले असतात. हे आकडे पटण्यासारखे आहेत का, हे वजनकाट्याशिवायही तपासता येतं.

आधी खरे आकडे. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनच्या मानकात फिक्या रंगाच्या ब्रह्मा कोंबड्याचं वजन 12 पौंड, म्हणजे साधारण साडेपाच किलो धरलंय. जर्सी जायंट या सर्वांत वजनदार जातीचा कोंबडा 13 पौंडांचा, म्हणजे 5.9 किलोचा. एखादा नग याच्या बराच वर जातो, पण जातीचा अंदाज एवढाच. ब्रह्माच्या नावात भारत असला, तरी त्याचे पूर्वज प्रामुख्याने शांघायहून जहाजाने अमेरिकेला गेले आणि 1850 च्या सुमारास तिथे ही जात घडली.

आता गणित. अडीच किलोचा गावठी कोंबडा घ्या आणि ठेवण तीच ठेवून त्याची उंची दुप्पट करा. वजन किती होईल? पाच किलो हे उत्तर चूक. उंची दुप्पट, लांबी दुप्पट, रुंदीही दुप्पट. म्हणजे आकारमान आठपट आणि वजन वीस किलो. हेच उलटं करून पाहा. सगळ्या कोंबड्यांचा मूळ पूर्वज, लाल रानकोंबडा, भरतो साधारण एक किलो. साडेपाच किलोचा ब्रह्मा त्याच्या साडेपाचपट जड, पण 5.5 चं घनमूळ 1.77, म्हणजे लांबी-रुंदी-उंचीत तो रानकोंबड्याच्या दुपटीलाही पोचत नाही. आपला डोळा उंची मोजतो आणि वजन घनाने वाढतं, म्हणून नजरेचा अंदाज इतका फसतो.

माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग यापुढे आहे. हाडाची ताकद त्याच्या लांबीवर नसते, आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर असते. क्षेत्रफळ वाढतं वर्गाने. सगळी मापं 1.77 पट झाली तर नडगीच्या हाडाचा छेद 3.1 पट होतो, अंगावरचं ओझं मात्र साडेपाचपट. भागाकार करा: हाडाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर 1.77 पट ताण. हा ताण पूर्ववत करायचा तर हाड प्रमाणाबाहेर जाड व्हायला हवं. गॅलिलिओने 1638 मध्ये छापलेल्या ग्रंथात याच मुद्द्यासाठी दोन हाडांचं चित्र दिलंय: एक नेहमीचं आणि दुसरं तिप्पट लांबीचं, पण बेढब वाटावं इतकं जाड. शहामृग शंभर किलोंवरचं अंग घेऊन धावतो, कारण त्याच्या पायांची घडणच वेगळी आहे. कोंबड्याचा आराखडा नुसता मोठा करून शहामृग होत नाही.

पंखांचंही तेच. पंखाचं क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, वजन घनाने. म्हणून रानकोंबडा सहज झाडावर जाऊन बसतो आणि ब्रह्माला दोन-तीन फुटांचं कुंपण पुरतं. त्याची बसायची दांडीही बुटकी ठेवतात, नाहीतर रोज खाली उडी मारून तळवे सुजतात आणि त्यात पू होतो. खाणं मात्र वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. चयापचय साधारण वजनाच्या पाऊण घाताने वाढतो, त्यामुळे विश्रांतीतली ऊर्जेची गरज साडेपाचपट न होता 3.6 पटीच्या आसपास राहते. उष्णता बाहेर टाकणारी त्वचाही दर किलोमागे कमीच. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, ती धापा टाकून अंग थंड करते. थंडीसाठी उत्तम असलेला हा पक्षी हौसेखातर विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

मग व्हिडिओतला कोंबडा एवढा अवाढव्य का दिसतो? पिसांमुळे. ब्रह्माची पिसं सैल, फुगीर आणि पार बोटांपर्यंत. उलट आपला असील अंगासरशी बसलेल्या तोकड्या पिसांचा. तो चार किलोंचा असला तरी हातात घेईपर्यंत वजन कळत नाही. पिसांवरून आठवलं, उलट्या पिसांची कोंबडी करणीसाठी मागणारे मांत्रिक अजून आहेत. ती पिसं उलटी वळतात ती केरॅटिन या प्रथिनाच्या एका जनुकातल्या बदलामुळे. त्यात बाहेरचं काही नाही, आणि त्या बिचाऱ्या कोंबडीचा जीव फुकट जातो.

ब्रह्माच्या पिवळ्या पायांत मात्र आपलं काहीतरी आहे. पिवळ्या त्वचेचं जनुक पाळीव कोंबड्यांत राखी रानकोंबड्याकडून आल्याचं 2008 मध्ये जनुकीय अभ्यासातून दिसलं. हाच तो आपल्या सह्याद्रीत आरवणारा रानकोंबडा.

आणखी एक गैरसमज: मोठी कोंबडी म्हणजे हार्मोनचं इंजेक्शन. वाढीचं हार्मोन हे प्रथिन आहे. खाद्यातून दिलं तर पचून जाईल, आणि हजारो पक्ष्यांना पुन्हा पुन्हा टोचत बसणं कोणत्याच शेडवाल्याला परवडणार नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात 1957, 1978 आणि 2005 मधल्या वाणांचे पक्षी एकाच खाद्यावर वाढवले. 56 दिवसांनी त्यांची वजनं भरली अनुक्रमे 0.9, 1.8 आणि 4.2 किलो. फरक निवड पैदाशीचा होता.

जर्सी जायंट इथेच मागे पडला. टर्कीला पर्याय म्हणून न्यू जर्सीत घडवलेली ही जात आधी सांगाडा उभा करते आणि मांस सावकाश भरते, त्याला अनेक महिने लागतात. तेवढा वेळ खाद्य घालणं धंद्यात परवडत नाही. ब्रॉयलरमध्ये क्रम उलटा पडतो: मांस झपाट्याने चढतं, आणि पायाचं हाड तोवर सच्छिद्र आणि खनिजांनी कमी भरलेलं असतं. अशा पायांवर चार किलो येतात तेव्हा त्यातले काही पक्षी लंगडतात, काही बसूनच राहतात. हार्मोनच्या अफवेवर जेवढी चर्चा होते, तेवढी या पायांवर व्हायला हवी.