नेम अचूक, निशाणा शेजारचा

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि ज्यांनी जन्मात बंदूक धरली ती फक्त जत्रेत फुगे फोडायला, ते कोल्हापूरकरही ‘50 मीटर रायफल थ्री पोझिशन’ हे लांबलचक नाव न अडखळता घेऊ लागले. आधी गुडघ्यावर बसून, मग पोटावर पडून, शेवटी उभ्यानं नेमबाजी. निशाण्यातलं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढं.

याच प्रकारात 20 वर्षं आधी, 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जे घडलं ते मात्र आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स अंतिम फेरीत तीन गुणांनी पुढे होता. एकच गोळी उरली होती आणि सुवर्णपदकाला 7.2 गुण पुरेसे होते. त्यानं गोळी झाडली, पण पडद्यावर गुणच उमटेनात. यंत्र बिघडलं असं वाटून त्यानं पंचांना खूण केली. यंत्र ठणठणीत होतं. गोळी शेजारच्या खेळाडूच्या निशाण्यावर लागली होती, आणि तीही 8.1 गुणांची! स्वतःच्या निशाण्यावर तीच गोळी लागती तर सुवर्ण त्याचंच होतं. शून्य गुण मिळाले, एमन्स थेट आठव्या क्रमांकावर गेला आणि सुवर्ण चीनच्या जिया झानबोला मिळालं.

नवख्या माणसाच्या हातून ही चूक होणं अवघड. तो प्रत्येक गोष्ट दोनदा तपासतो. मुरलेल्या खेळाडूच्या मेंदूत मात्र सरावानं क्रियांची साखळी तयार होते: दुर्बिणीतून निशाण्यावरचा क्रमांक बघायचा, बंदूक खाली आणायची, श्वास, नेम, चाप. मेंदूच्या खोल भागातली केंद्रं ही साखळी एकदम चालवतात, कडी-कडीचा विचार करावा लागत नाही. त्या दिवशी एमन्सचं सगळं लक्ष मन शांत ठेवण्यात होतं आणि क्रमांक बघण्याची पहिली कडी गळाली. पुढच्या कड्या नेहमीसारख्या सफाईनं पार पडल्या. अशी चूक करताना काही चुकतंय असं वाटतच नाही, ते याचमुळे.

याच्या नेमकी उलट चूकही होते, आणि ती जास्त गंमतशीर. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये फुटबॉलपटूंना शंकूंच्या रांगेतून चेंडू काढायला लावला. आवाज झाला की चेंडूला पायाची कुठली बाजू लागली ते सांगायचं. मुरलेले खेळाडू या नादात अडखळायला लागले, नवशिके उलट सुधारले. आणि मुरलेल्यांनाच डाव्या, म्हणजे न सरावलेल्या पायानं खेळायला लावलं, तेव्हा लक्ष देण्याचा त्यांनाही फायदा झाला. जे हातापायात मुरलंय त्यात डोक्यानं लुडबुड केली की ते बिघडतं.

आता कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर या. पाटाकडील असो, खंडोबा असो नाहीतर दिलबहार, तालमींच्या नावाच्या फुटबॉल संघांची ईर्षा ज्यानं पाहिली आहे त्याला टायब्रेकर, म्हणजे बरोबरीनंतर पेनल्टींवर लागणारा निकाल, काय असतो ते सांगायला नको. पेनल्टीची जागा गोलपासून 11 मीटरवर, आडवा खांब 2.44 मीटर उंच. ताशी 90 किलोमीटरनं मारलेला चेंडू तिथं अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षण त्याला साधारण मीटरभर खाली ओढतं. तरीही चेंडू खांबावरून जायला सुरुवातीचा कोन 18 अंशांच्या आसपास लागतो. एवढा कोन चढायला पाय चेंडूच्या मध्याखाली, ढोबळ हिशेबानं, साडेतीन सेंटिमीटर लागला की झालं. त्यात अंग मागं झुकलं असेल तर बघायलाच नको. पाय आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात सेकंदाचा शंभरावा भाग, त्यामुळे मध्येच दुरुस्ती करायला वेळ नाही.

अशा वेळी गॅलरीतून आरोळी येते, “वरनं मारू नकोस रं!” आरोळी मायेचीच असते, पण विज्ञान तिच्या बाजूचं नाही. डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञानं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगून लोकांच्या डोक्यात अस्वल घुसवून दाखवलं होतं. पुढे 1998 मध्ये त्यानं गोल्फचा चेंडू खुणेपर्यंत ढकलायला लावला. खुणेपलीकडे जाऊ देऊ नका, असं बजावलं आणि शिवाय एक मोठा आकडा लक्षात ठेवायला दिला. मग चेंडू खुणेपलीकडे जास्तच जाऊ लागला. काय टाळायचं यावर मेंदू आतून पहारा ठेवतो, डोक्यावर ताण आला की पहारेकरीच त्या गोष्टीला पुढे आणतो.

1994 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इटलीच्या रॉबर्टो बॅजिओनं वरून मारलेली पेनल्टी जगाला आठवते. त्याच टायब्रेकरमध्ये इटलीची पहिली पेनल्टी फ्रँको बारेसीनंही वरूनच घालवली होती, हे मात्र कुणी काढत नाही. शेवटी चुकणाऱ्याच्याच माथी सगळं!

काही फजित्यांना मात्र ना मेंदूचं शास्त्र लागतं ना भौतिकशास्त्र. 2003 च्या क्रिकेट विश्वचषकात डर्बनला दक्षिण आफ्रिकेच्या मार्क बाउचरनं षटकार मारून धावसंख्या 229 वर नेली आणि जिंकलो असं समजून पुढचा चेंडू नुसता अडवला. पाऊस आला. डकवर्थ-लुईसच्या हिशेबानं 229 म्हणजे बरोबरी होती, विजयाला आणखी एक धाव हवी होती. यजमान संघ स्पर्धेबाहेर.

राहिला गोलकीपर. इस्रायली संशोधकांनी 2007 मध्ये 286 पेनल्टींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे 29 टक्के चेंडू मध्यभागाच्या दिशेनं आले होते, पण गोलकीपर जागेवर उभे राहिले ते फक्त 6 टक्के वेळा. उभे राहिले तेव्हा त्यांनी एकतृतीयांश पेनल्टी अडवल्या, डावी-उजवीकडे झेपावल्यावर 13-14 टक्केच. मग उभं राहायला काय जातं? जाते ती अब्रू. चेकोस्लोव्हाकियाच्या अँटोनिन पानेंकानं 1976 च्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हेच हेरलं, पश्चिम जर्मनीच्या सेप मायरला झेपावू दिलं आणि चेंडू अलगद मधून सोडला. झेपावून गोल खाल्ला तर निदान अंगाला माती लागते आणि पेठेत “पोरानं जीव टाकला” असं म्हणतात. मध्येच उभं राहून खाल्ला, तर पुढच्या हंगामापर्यंत त्याला चहाच्या टपरीवर कुणी सुखानं कटिंग पिऊ देणार नाही.