काळा पहाड ते रीचर: मालिका कोण ओढतं?

‘नवा झुंजार आला काय?’ वऱ्हाडातल्या गावच्या वाचनालयात रहस्यकथा मागायची ती अशी. लेखकाचं नाव घेणारा विरळाच. 1967च्या ग्रंथालय कायद्यानंतर अनुदानावरची वाचनालयं वाढली आणि त्यांच्या कपाटात सगळ्यात आधी खिळखिळी व्हायची ती हीच पुस्तकं. खळीने चिकटवलेला पुठ्ठा आणि विसाव्या पानाच्या समासात कुण्या आगाऊ वाचकाने पेनाने लिहिलेलं, ‘खुनी मामाच हाय’.

या भुकेला पुरं पडायला आपल्याकडे लेखक एकटा बसायचा. काळा पहाड, झुंजार यांचे जनक बाबूराव अर्नाळकर यांची पुस्तकं हजारावर, गुरुनाथ नाईकांचीही तितकीच. एवढ्या पसाऱ्यात तोचतोचपणा येणारच. सुहास शिरवळकरांनी त्यावर तोड काढली. दरसाल एकाच वावरात पऱ्हाटी घेऊ नये, तसे त्यांनी नायक आलटूनपालटून घेतले: दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, अमर विश्वास.

बाहेर मात्र जोडीने लिहिण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेत 1929 साली ‘एलरी क्वीन’ हे नाव पुढे आलं. त्यामागे फ्रेडरिक डॅने आणि मॅनफ्रेड ली हे दोन भाऊ होते, नात्याने मावस. डॅने कथानकाचा तपशीलवार आराखडा करायचा, ली त्याची कादंबरी करायचा. पत्रांतून दोघे कडाकडा भांडत. माझ्या मते त्या भांडणातच गोष्टीतली भोकं बुजत असावीत. एकट्या लेखकाला ‘हे पटत नाही’ म्हणणारं कोण असतं?

स्वीडनमधल्या माय शवाल आणि पेर वालू या जोडप्याची शिस्त आणखी वेगळी. मुलं झोपली की दोघं बसायचे आणि प्रकरणं आळीपाळीने लिहायचे. मालिका दहाच पुस्तकांची, हे आधीच ठरलेलं. 1965 ते 1975 या काळात ती पुरी झाली. शेवट ठाऊक असल्याने त्यांचा पोलीस नायक मार्टिन बेक थकतो, त्याचा संसार मोडतो. न संपणाऱ्या मालिकेतल्या नायकाला एवढं बदलणं परवडत नाही.

इंग्रज लेखक ली चाइल्डचा नायक जॅक रीचर तसाच, 1997पासून न थांबलेला. लेखक थकला तेव्हा 2020मध्ये त्याने धाकट्या भावाला, अँड्र्यूला सोबत घेतलं. हा भाऊ आधीच स्वतःच्या नावावर थरारकथा लिहीत होता. निव्वळ रक्ताच्या नात्यावर हे जमलं नसतं.